वासाचं काही नको

रेशमाच्या अळीचं नाक फार वाईट. माणसाला येत नाही तो वास तिला येतो, आणि आला की ती सरळ मान टाकते. अत्तर नको, अगरबत्ती नको, फोडणीचा ठसका नको, तंबाखू मळलेला हात तर बिलकुल नको. दैवशाला लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा शेतात कापूस होता. पुढं तिच्या नवऱ्यानं, रामप्रसादनं, तुती लावली, शेड उभं केलं, आणि तेव्हापासून तिनं डोक्याला वासाचं तेल म्हणून लावलं नाही. सासू द्वारकाबाई कपाळाला हात लावायची. "एवढं सोवळं तर माझ्या सासूनं बी पाळलं न्हाई बाई," म्हणायची, आणि तपकिरीची डबी घेऊन मुकाट्यानं बांधापलीकडं जाऊन बसायची.

गाव बदनापूरच्या अलीकडं, फाट्यावरून आत. पूर्वेच्या गल्लीत शेडच शेड. त्या वर्षी पाऊस लांबला, नाल्या तुंबल्या आणि डासांनी नुसता उच्छाद मांडला. ग्रामपंचायतीनं धुराचं मशीन आणलं. सगळ्या गावात धूर सोडून मशीनवाला पूर्वेच्या गल्लीच्या तोंडाशी आला, तर सगळे रेशीमवाले हातातली कामं टाकून आडवे. रामप्रसाद सगळ्यांत पुढं.

"इकडं एक फुंकर जरी आली ना भाऊ, अळ्यांची समदी बॅच झोपंल. आमच्या गल्लीत धूर न्हाई म्हंजे न्हाई."

मशीनवाल्याचं काय जातंय? तेवढंच काम वाचलं त्याचं. मशीन वळवून तो निघून गेला. मग गावातले उरलेसुरले डास ह्याच गल्लीत मुक्कामाला आले. घरात कॉइल लावायची नाही, अंगाला ट्यूब चोळायची नाही. मच्छरदाणी होती, पण ती अळ्यांच्या रॅकवर. कारण एक माशी अळीवर बसून अंडं घालते आणि अळी जाते. म्हणजे अळ्या मच्छरदाणीत आणि माणसं उघड्यावर. आता ह्याला हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

अळी चौथी कात टाकून उठली की तिच्यासारखं खादाड जगात कुणी नाही. एरवीच्या सगळ्या दिवसांत खाल्लं नसेल तेवढं ती ह्या शेवटच्या आठवड्यात खाते. सकाळ, दुपार, संध्याकाळ तुतीच्या फांद्याच फांद्या. एक वेळ चुकली तर कोष पातळ होतो, दोन वेळा चुकली तर महिन्याची मेहनत मातीत. आणि नेमकं तेव्हाच गावात सोयाबीनची सोंगणी चालू. मजूर औषधालासुद्धा मिळेना. दैवशाला तुती छाटायची, भारे बांधायची. रामप्रसाद डोक्यावर वाहून आणायचा आणि शेडमध्ये वाकून वाकून रॅकवर पसरायचा. द्वारकाबाईचे गुडघे गेलेले, तिच्यानं चूल सांभाळणं होत होतं तेवढंच पुष्कळ.

त्या धामधुमीत रामप्रसादला हुडहुडी भरली. दुपारच्या उन्हात माणूस गोधडी मागू लागला.

"काही न्हाई गं, फांद्या वल्या होत्या, गारठा लागला," तो दात वाजवत म्हणाला. घाम सुटून ताप उतरला तसा उठला आणि पुन्हा शेडमध्ये गेला. पण कंबर, पिंढऱ्या, खांदे असे ठणकत होते की रॅकच्या खालच्या कप्प्याला वाकला की तोंडातून आपोआप 'आई गं' निघायचं. दैवशालाला ते ऐकवेना.

ती गावातल्या काकासाहेबाच्या मेडिकलवर गेली. काकासाहेब भला माणूस, उगीच कशाला खोटं बोला. त्यानं ऐकून घेतलं आणि चोळायची ट्यूब पुढं केली. "रात्री चोळा अन् फडकं गुंडाळा. सकाळला मोकळं वाटंल."

दैवशालानं टोपण उघडून नाकाला लावलं आणि झटकन बंद केलं.

"ह्ये नको भाऊ. वासाचं काही नको, बॅच हाय घरात. खायचं द्या काहीतरी."

"खायची हाय की. पण जेवल्यावर द्या, अन् उगाच जास्त देऊ नका."

ट्यूब परत फळीवर गेली आणि लाल गोळ्यांचं पाकीट दैवशालाच्या पदराला आलं. ती गोळी काही तिला नवी नव्हती. कापूस वेचून आलेल्या बाया ती घ्यायच्या, हमाल घ्यायचे, खुद्द द्वारकाबाई गुडघ्यासाठी अधूनमधून घ्यायची. चहा घेतला तशी गोळी घेतली. तिला कुणी औषध म्हणतच नव्हतं.

आणि गोळीनं गुण दिला, हेच तर वाईट झालं. घटकाभरात रामप्रसादची पाठ सरळ झाली. "जादू हाय राव हिच्यात," म्हणाला आणि भारा उचलून चालता झाला. मग सकाळी एक, संध्याकाळी एक. दुपारी ठणका उठला तर दुपारी एक. दैवशाला स्वतःच्या हातानं गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. नवऱ्यासाठी आपल्याला एवढं तरी करता येतंय, ह्याचं तिला बरं वाटायचं.

ताप मात्र पुन्हा आला. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला थंडी हजर. तेव्हा सरकारी दवाखान्याच्या आशा सेविका आल्या. ज्योत्स्नाताई, गावातल्याच, घरोघरी फिरून तापाचे रुग्ण बघायच्या. त्यांनी रामप्रसादच्या बोटाला टोचलं, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि थोड्या वेळानं मान हलवली.

"हिवताप हाय दादा. गोळ्या देते, पूर्ण घ्यायच्या, मधीच सोडायच्या न्हाईत. पाणी भरपूर प्यायचं अन् पडून राह्यचं. दुसरं काही औषध चालू हाय का?"

रामप्रसादनं दैवशालाकडं बघितलं.

"न्हाई बाई, औषध कशाचं? काहीच न्हाई," दैवशाला म्हणाली.

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलली ती. देवाशपथ, तिच्या मनात ती लाल गोळी आलीच नाही.

ज्योत्स्नाताई गेल्या आणि रामप्रसाद पडून राहिला तो किती, तर अंगावरचा घाम वाळेपर्यंत. अळ्या वाट बघतात होय? आणि पाण्याचं म्हणाल, तर शेडमध्ये जायचं म्हणजे कपडे बदला, हात औषधाच्या पाण्यानं धुवा, पाय चुन्यात बुडवा. लघवीला बाहेर आलं की परत सगळं पहिल्यापासून. म्हणून रामप्रसाद बॅचच्या शेवटच्या दिवसांत पाणीच कमी प्यायचा. ही त्याची जुनी युक्ती. गल्लीतले सगळेच तसं करायचे. दैवशाला तांब्या घेऊन शेडच्या जाळीपाशी उभी राहायची.

"अहो, ताईनं भरपूर प्यायला सांगितलंय. दोन घोट तरी घ्या."

"आता फांद्या टाकून राह्यलो ना! ठिव तिथं."

तांब्या तिथंच राहायचा. घामानं बनियन पिळून निघायचं, अंग तापायचं, वर दोन्हीकडच्या गोळ्या पोटात जायच्या. एके दिवशी संध्याकाळी तो बाहेर येऊन ओट्यावर टेकला आणि खुशीत म्हणाला, "एक बरं झालं बग. आज सकाळपासून एकदा बी बाहेर यावं लागलं न्हाई."

दैवशालालाही ते बरंच वाटलं. काय सांगायचं आता!

मग त्याला अन्नाचा वास सहन होईना. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की उमासा. डोळ्यांखाली सूज आली. द्वारकाबाई म्हणाली, "झोप न्हाई लेकराला, म्हणून तोंड सुजलं." चप्पल पायात जाईना. द्वारकाबाई म्हणाली, "उभं राहून राहून पाय सुजले." प्रत्येक गोष्टीला कारण घरातच सापडत होतं, त्यामुळं बाहेर कुणी बघितलंच नाही. अळ्या पिकून पिवळसर झाल्या, माना वर करून जागा शोधू लागल्या, चंद्रिका अंथरायची वेळ झाली. चंद्रिका म्हणजे अळीनं कोष विणायची जाळी. पहिली जाळी रॅकवर टाकता टाकता रामप्रसाद खाली बसला. बसला तो उठलाच नाही. बोलायला गेला तर जीभ जड.

गल्लीतल्या लोकांनी जीप काढली. जालन्यात रक्त तपासलं आणि तपासणाऱ्याचा चेहराच बदलला. "किडन्या काम करत नाहीत. इथं थांबू नका, संभाजीनगरला हलवा," एवढंच सांगितलं. ताप आल्ता माणसाला, आणि हे किडनीचं मधेच कुठून निघालं?

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आवाज मऊ, पण बोलणं सरळ. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. काय खाल्लं, काय प्यायलं, गोळ्या कोणत्या. दैवशालानं हिवतापाच्या गोळ्या सांगितल्या. "आणि दुखण्याची वगैरे?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा कुठं तिला ती लाल गोळी आठवली. रंग सांगितला, सकाळ-संध्याकाळ सांगितलं, दुपारचंही सांगितलं.

"कुणी दिली?"

"म्या."

डॉक्टरीणबाई तिच्यावर खेकसल्या नाहीत. खेकसल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि समजावलं, "हिवतापानं किडनीवर आधीच ताण असतो. ह्यांच्या अंगात पाणी नव्हतं. त्यात ती दुखण्याची गोळी किडनीकडं जाणारं रक्त कमी करते. आणि हिवतापाची गोळीही बाहेर पडणार बरीचशी किडनीतूनच. सगळ्यांचा भार एकाच वेळी पडला. कशानं किती बिघडलं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. एखादी गोष्ट कमी असती, तर कदाचित निभावलं असतं."

"मंग आता?"

"मशीनवर रक्त शुद्ध करू. पुष्कळांच्या किडन्या परत चालू होतात. काहींच्या होत नाहीत. लघवी यायला लागली की समजायचं, गाडी रुळावर आली. तोवर वाट बघायची."

"म्या काय करू? मला काय करता येईल?"

"पाणी मोजून द्या," बाई म्हणाल्या. "आता बाहेर जायला वाटच नाही. जास्त पाणी गेलं तर ते छातीत भरेल. दिवसभरात एवढंच." आणि त्यांनी एक छोटी बाटली दाखवली, घरी दैवशाला गोडं तेल ठेवायची तिच्याहूनही लहान.

तेव्हापासून सगळ्या घराचा जीव खाटेखाली लोंबणाऱ्या लघवीच्या पिशवीत अडकला. सकाळी उठून दैवशाला आधी तिकडं बघायची. तळाशी गडद रंगाचे चार थेंब, बस. द्वारकाबाईचा गावाहून फोन यायचा, आणि ती म्हातारी, जिनं उभ्या जन्मात असला शब्द चारचौघांत काढला नव्हता, ती मोठ्यानं विचारायची, "झाली का गं त्याला?"

"न्हाई आत्या."

"थोडी बी न्हाई?"

"न्हाई."

मग म्हातारी सांगायची, गल्लीतल्या बायांनी येऊन चंद्रिका टाकल्या, अळ्या चढल्या, कोष टणक झालेत, असे कोष आपल्याकडं कधी झाले नव्हते. रामप्रसादला सांग म्हणायची. दैवशालानं सांगितलंही. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्याचं आता एकच चाललेलं.

"पाणी दे."

"दिलं ना आत्ताच."

"थोडं दे गं. जीभ चिकटून राह्यली."

ती ओला कापूस ओठांवरून फिरवायची. तो कापूस दातांत धरून चोखायचा. कधी शिव्या द्यायचा, आणि हा माणूस, ज्यानं तिला कधी 'अगं'च्या पुढं शब्द वापरला नव्हता, तो म्हणायचा, "मारायलाच आणलंस ना मला हितं?" ती तोंडात पदर कोंबून भिंतीकडं तोंड करायची. तिला वाटायचं, उठावं आणि अख्खा माठ त्याच्या तोंडाला लावावा. काय होईल ते होवो. आणि लगेच त्या विचाराची भीती वाटायची. हात बांधून घेतल्यागत ती खाटेशी बसून राहायची. मशीनवर नेलं की तो जरा माणसात यायचा, ओळखायचा, तिचा हात धरून माफी मागायचा. एखाद्या दिवसानं पुन्हा सूज, पुन्हा पाणी पाणी.

एका सकाळी मात्र पिशवीत रोजच्यापेक्षा जास्त दिसलं. फार नाही, पण दिसलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी हलवून बघितली आणि पहिल्यांदाच हसल्या. "बघू. असंच वाढत गेलं तर चांगलं लक्षण आहे." दैवशालाला काय करू नि काय नको झालं. तिनं फोन लावून द्वारकाबाईला सांगितलं आणि दोघी फोनवरच रडल्या.

त्याच सकाळी शेजारच्या खाटेवर एक म्हातारा पेशंट आला. सोबत त्याची बायको, साळूबाई, कुंभार पिंपळगावची. अंगानं वाळकी, तोंडानं गोड. येताच तिनं दैवशालाला अर्धी भाकरी देऊ केली, कुठल्या गावची, लेकरं किती, सगळं विचारून झालं. इतक्या दिवसांत कुणी असं मायेनं बोललं नव्हतं, म्हणून दैवशालाही तिच्याशी मोकळी झाली.

दुपारी नर्सनं एक चिठ्ठी हातात दिली, खालून इंजेक्शन आणायचं होतं. दैवशाला उठली.

"मावशी, जरा ह्यांच्याकडं बगा. झोपेत हातातली सुई ओढतात. म्या जल्दी येते."

"जाय लेकी, बिनघोर जाय. म्या हाय ना."

खाली ही गर्दी. खिडकीपाशी ढकलाढकली, त्यात कागदावर शिक्का नाही म्हणून पुन्हा वर पाठवलं, दुसऱ्या टेबलावर शिक्का घेतला, पुन्हा रांग. इंजेक्शन मुठीत धरून ती धापा टाकत वॉर्डात आली, तर रामप्रसाद उशीला टेकून बसलेला. चेहरा शांत. इतक्या दिवसांत नव्हता एवढा शांत. तिला बघून तो हसला.

"लई गार पाणी होतं," तो म्हणाला.

मुठीतलं इंजेक्शन खाटेवर टाकून दैवशालानं इकडंतिकडं बघितलं.

खाटेशेजारी स्टुलावर साळूबाईची मोठी बाटली उभी होती, रिकामी. आणि साळूबाई कौतुकानं सांगत होती, "कसं तहानलं होतं गं लेकरू! एक बाटली घटाघटा प्यायलं. म्या वऱ्हांड्यातून अजून भरून आणली, ती बी संपवली. किती आशीर्वाद दिले मला."

दैवशाला पळत नर्सकडं गेली. नर्स डॉक्टरीणबाईंकडं. त्या येईपर्यंत रामप्रसाद नीट बोलत होता. मग खोकला सुरू झाला. मग आडवं होता येईना. मग बसूनही श्वास पुरेना, आणि प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुड वाजू लागलं. त्यानं दैवशालाचा दंड पकडला, डोळे मोठे केले, आणि बोलायला तोंड उघडलं तर नुसता फेस आला. लोक धावले, खाटेची चाकं सोडली, तोंडाला नळी लावली आणि खाट ढकलत आतल्या खोलीत नेली. दैवशाला मागं धावली, पण दार तिच्या तोंडावर बंद झालं.

"सकाळी आली होती हो थोडी," ती दाराला सांगत होती. "सकाळी जास्त आली होती."

डॉक्टरीणबाई मधेच एकदा बाहेर आल्या. घाईत होत्या. "कुणी दिलं एवढं पाणी?" त्यांनी विचारलं. दैवशाला दाराच्या फटीतून आत बघत होती. "प्रयत्न चालू आहेत. आता काहीच सांगता येत नाही," म्हणून त्या पुन्हा आत गेल्या.

साळूबाई दैवशालाच्या मागोमाग वऱ्हांड्यात आली होती. कुणीतरी तिला सांगितलं असावं. म्हातारीचं तोंड पांढरं पडलेलं, आणि हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. लुगड्याला पुसत होती, पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मला कुनी सांगितलंच न्हाई गं," ती म्हणाली. "पानीच तर मागितलं त्यानं. पान्याला कसं न्हाई म्हनावं? माझं काय चुकलं, लेकी?"

दैवशालाच्या ओठांवर काय काय आलं. ह्या बाईचा गळा धरावा, तिला गदागदा हलवावं, आकाशपाताळ एक करावं. पण ती म्हातारी तिच्याकडं अशी बघत होती, जणू दैवशाला जे सांगेल तेच खरं ठरणार होतं. दैवशालाला ती नजर बघवेना. बाकावर जागा करून तिनं म्हातारीला शेजारी बसवलं आणि तिचे ते हात आपल्या हातांत घेतले.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं न्हाई. तुमाला कुठं ठाव होतं? तुमी तर मायेनं दिलं."

साळूबाईनं मान हलवली. दैवशालाचं मात्र बोलणं थांबेना. "मायेनंच दिलं," ती पुन्हा म्हणाली. "त्येचं दुखणं बगवलं न्हाई म्हणून दिलं. मायेनंच दिलं हो." आणि म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली, तरी ती तेच तेच म्हणत राहिली.